उघडून बघता येणारी वस्तू आणि न येणारी: रॉकेट इंजिन, बिनतारी चार्जिंग आणि पेटंट



पेटंट या विषयावर नाशिकमध्ये बोलायला उभं राहिलं की समोर साधारण दोन प्रकारची माणसं असतात. एक म्हणजे सातपूर-अंबडमधले लहान कारखानदार. त्यांनी एखाद्या यंत्रात स्वतःच्या डोक्यानं सुधारणा केलेली असते आणि सहा महिन्यांत तीच सुधारणा शेजारच्या गाळ्यात दिसलेली असते. दुसरी म्हणजे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं, ज्यांच्या प्रकल्पाचं कॉलेजात भरपूर कौतुक झालेलं असतं. दोघांचाही प्रश्न एकच: आमच्याकडे एक कल्पना आहे, तिचं पेटंट मिळेल का?

सरळ उत्तर असं की कल्पनेचं पेटंट मिळत नाही. ती कल्पना ज्या ठरावीक रचनेनं किंवा पद्धतीनं प्रत्यक्षात येते, त्या रचनेचं मिळतं. पण एवढ्यानं भागत नाही, कारण खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पेटंट घ्यावं की गप्प बसावं? हे नीट कळावं म्हणून आज आपण दोन वस्तू घेणार आहोत. एक रॉकेटचं इंजिन, दुसरी तारेशिवाय चालणारा चार्जर. पहिली वस्तू बाजारातून विकत आणून उघडून बघता येत नाही. दुसरी कुणीही दुकानातून आणतो आणि दहा मिनिटांत स्क्रूड्रायव्हरनं उघडतो. पेटंटचा निर्णय बराचसा या एका फरकावर ठरतो, असं आमचं मत आहे.

आणि या दोन्ही वस्तू नाशिककरांना परक्या नाहीत बरं का. ओझरला एचएएलचा विमान कारखाना १९६४ पासून आहे. सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल बनत आले आहेत. इंधन बारीक भोकातून दाबानं फवारायचं, थेंब जितका बारीक तितकं ज्वलन चांगलं, हे इथल्या फिटरला कुणी शिकवायला नको. रॉकेटच्या इंजिनात इंजेक्टर हेच काम करतो. बिनतारी चार्जरचं म्हणाल, तर तो मधोमध कापून दोन तुकडे केलेला ट्रान्सफॉर्मर आहे, आणि ट्रान्सफॉर्मर-स्विचगिअर बनवणाऱ्यांचीही आपल्याकडे वाण नाही.

आता जरा मागे जाऊ. साल १९१४.

त्या एका वर्षात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं आपल्या विषयातली तीन महत्त्वाची पेटंट दिली. ७ जुलै आणि १४ जुलैला मॅसॅच्युसेट्समधल्या रॉबर्ट गोडार्ड नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला दोन मिळाली. एक, टप्प्याटप्प्यानं पेटणाऱ्या रॉकेटचं. दुसरं, द्रवरूप इंधन आणि त्याला जाळणारा दुसरा द्रव वेगवेगळ्या टाक्यांतून ज्वलनकक्षात सोडणाऱ्या रॉकेटचं. त्याच वर्षी १ डिसेंबरला निकोला टेस्ला यांना विजेची ऊर्जा तारेशिवाय दूरवर पाठवण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. त्यांचा मूळ अर्ज १९०२ सालचा होता.

पुढे काय झालं बघा. गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न गावी, नात्यातल्या आत्याच्या शेतात, जगातलं पहिलं द्रव इंधनाचं रॉकेट उडवलं. पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजन. अडीच सेकंद उडालं, साडेबारा मीटर उंच गेलं आणि कोबीच्या वाफ्यात पडलं. टेस्लांचा मनोरा लाँग आयलंडवर उभा राहिला होता, पण पैसे आटले आणि १९१७ मध्ये तो पाडून भंगारात गेला. पेटंट तर दोघांकडेही होतं! म्हणजे पेटंट ही वस्तू चालते किंवा विकली जाईल याची हमी नव्हे. त्यानं एवढंच सांगितलं जातं की ही रचना नवी आहे, त्या कामातल्या जाणत्या माणसाला सहज सुचण्यासारखी नाही, आणि कागदावर अशी लिहिलेली आहे की दुसरा जाणता माणूस वाचून ती करू शकेल.

आणखी एक हिशेब. त्या काळी अमेरिकेत पेटंटची मुदत मिळाल्यापासून १७ वर्षं होती. म्हणजे १९१४ ची ही तिन्ही पेटंट १९३१ मध्ये संपली. १९३१ मध्ये रॉकेटला गिऱ्हाईक कोण होतं? कुणीच नाही. गोडार्ड १९४५ मध्ये गेले. मग त्यांच्या पत्नी एस्थर यांनी नवऱ्याच्या वह्या-टिपणं काढून अर्ज करत राहायचं ठरवलं. गोडार्ड यांच्या नावावर एकूण २१४ पेटंट आहेत, आणि त्यातली १३१ त्यांच्या मृत्यूनंतर एस्थरबाईंनी अर्ज करून मिळवलेली. १९६० मध्ये अमेरिकन सरकारनं ही पेटंट वापरल्याबद्दल १० लाख डॉलर दिले. आम्हाला या कथेत रॉकेटपेक्षा त्या वह्यांचं जास्त महत्त्व वाटतं. तारखेनिशी, आकृतीनिशी लिहून ठेवलं होतं म्हणून पुढे काही करता आलं.

पेटंट म्हणजे एक सौदा आहे. तुम्ही तुमचं गुपित लोकांसमोर पूर्ण उघडं करायचं, आणि त्या बदल्यात सरकार तुम्हाला ठरावीक वर्षं इतरांना रोखण्याचा हक्क देणार. भारतात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो आणि जगात कुणालाही वाचता येतो. हक्क मात्र फक्त भारतापुरता. शेन्झेनमधल्या कारखान्याला तुमचं भारतीय पेटंट काही करू शकत नाही, तो माल इथे आला तरच अडवता येतो. म्हणजे उघडं करायचं साऱ्या जगासमोर आणि रोखायचं एका देशात. सौदा फायद्याचा आहे की नाही हे प्रत्येक वस्तूगणिक तपासावं लागतं.

रॉकेट इंजिनाकडे वळू. त्यात नवं करण्यासारखं आहे तरी काय? वायू मागे फेकायचा, रॉकेट पुढे जाणार, हे न्यूटनपासून माहीत आहे. आधी अरुंद होऊन मग पसरणारं नोझल स्वीडनच्या दे लावाल यांनी १८८८ च्या सुमाराला वाफेच्या टर्बाइनसाठी वापरलं. म्हणजे मूळ तत्त्व जुनंच. अडचण उष्णतेची आहे. केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन जळतात तेव्हा कक्षात ३,००० अंश सेल्सिअसच्या वर तापमान जातं. तांबं वितळतं १,०८५ अंशांना, पोलाद साधारण दीड हजाराला. म्हणजे ज्या भांड्यात आग पेटवायची ते भांडंच त्या आगीत वितळणार.

यावरचा उपाय फार देखणा आहे. जे इंधन जाळायचं आहे तेच आधी भिंतीतल्या बारीक नळ्यांमधून फिरवायचं. ते भिंतीची उष्णता घेतं, स्वतः तापतं, आणि मग इंजेक्टरमधून कक्षात जाऊन जळतं. भिंत थंड राहते आणि उष्णताही वाया जात नाही. आपल्या गाडीच्या रेडिएटरमधल्या पाण्याच्या जागी पेट्रोल फिरवलं आणि मग तेच इंजिनात सोडलं, असं समजा. गाडीत कृपा करून करून बघू नका.

पण या नळ्या भिंतीत करायच्या कशा? जुनी पद्धत अशी की आतल्या भिंतीवर बाहेरून शेकडो खाचा पाडायच्या, त्यावर दुसरं कवच बसवायचं, ब्रेझिंग करून जोडायचं. प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक शक्यता. इंजेक्टर वेगळा, कक्ष वेगळा, नोझल वेगळं, त्यांचे पुन्हा जोड. असं काम किती नाजूक असतं हे विक्रोळीच्या गोदरेजमध्ये विचारा. इस्रोच्या विकास इंजिनाची आणि क्रायोजेनिक इंजिनाची जोडणी तिथे वर्षानुवर्षं होत आली आहे. वालचंदनगरमध्येही रॉकेटच्या मोटरींची कवचं बनतात. मराठी मुलखात हे हात आहेत, हे आपण विसरतो.

चेन्नईच्या अग्निकुल कंपनीनं यात वेगळी वाट धरली. आयआयटी मद्रासच्या आधारानं उभी राहिलेली ही कंपनी. त्यांनी धातूच्या भुकटीवर लेझर फिरवून, थरावर थर चढवत, अख्खं इंजिन एकसंध छापलं. आतल्या नळ्या छापतानाच तयार होतात, जोडच नाही. ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून त्यांचं अग्निबाण सॉर्टेड हे रॉकेट याच प्रकारच्या इंजिनावर उडालं. आणि एकसंध इंजिनाच्या आराखड्याचं नि निर्मितीचं पेटंट त्यांनी घेतलेलं आहे.

हे ऐकून एक जण आम्हाला म्हणाला, "म्हणजे आता दुसऱ्या कुणी थ्रीडी प्रिंटरवर रॉकेट इंजिन छापलं तर केस?" नाही हो. थ्रीडी प्रिंटरवर इंजिनाचे भाग जगात कितीतरी ठिकाणी छापले जातात. पेटंटचा अधिकार किती, हे त्याच्या शीर्षकावरून किंवा बातमीवरून ठरत नाही. ते ठरतं शेवटी असलेल्या क्लेमवरून, म्हणजे दाव्यांवरून. पेटंटचा दस्तऐवज हातात आला की लोक आकृत्या बघतात आणि सारांश वाचतात. तुम्ही आधी क्रमांक एकचा दावा वाचा. बाकी सगळं त्याच्या मागून.

दाव्याचं गणित उलटं असतं. शब्द वाढले की हक्क कमी होतो. कारण समोरच्यानं दाव्यातला प्रत्येक घटक वापरला असेल तरच तो अडकतो. एक जरी गाळला, तरी साधारणपणे तो सुटला. हे आपण चार्जरच्या उदाहरणात नीट बघू, तिथे ते जास्त चटकन कळतं.

त्याआधी रॉकेटवाल्यांची दुसरी बाजू. स्पेसएक्सचे एलॉन मस्क यांनी २०१२ च्या सुमारास एका मुलाखतीत सांगितलं होतं की आम्ही जवळपास पेटंट घेतच नाही. कारण आमचे मोठे स्पर्धक चीनमध्ये आहेत आणि ते आमची पेटंट पाककृतीच्या पुस्तकासारखी वापरतील. माणूस कसाही असो, या मुद्द्यात दम आहे. त्यांचं इंजिन दुकानात मिळत नाही. ते उघडून बघायला कुणाच्या हाती लागत नाही. मग स्वतःहून आकृत्या छापून द्यायच्या कशाला? आणि समजा स्पर्धकानं नक्कल केलीच, तर परदेशातल्या बंद कारखान्यात ती सिद्ध कोण करणार? अशा ठिकाणी गुपित हेच संरक्षण. अग्निकुलसारख्या नव्या कंपनीचं गणित मात्र वेगळं पडतं. पैसे गुंतवणाऱ्याला दाखवायला, मोठ्या कंपनीशी बोलणी करायला, तिला एक कागद लागतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत असं आम्हाला वाटतं.

इथे नाशिकचा एक खास मुद्दा येतो, म्हणून जरा थांबू. आपल्याकडे डीआरडीओचं ॲडव्हान्स्ड सेंटर फॉर एनर्जेटिक मटेरियल्स आहे. घन इंधनाच्या मोटरी हा त्यांचा विषय. घन इंधनात अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना धरून ठेवणारं रबरासारखं बंधक यांचं मिश्रण ओतून घट्ट करतात, आणि मधल्या पोकळीचा आकार, म्हणजे गोल की चांदणीसारखा, यावर ते कसं जळणार हे ठरतं. अशा कामाच्या आसपास पुरवठादार म्हणून काम करणारे कारखाने इथे आहेत. त्यांच्यासाठी पेटंट कायद्यातली दोन कलमं फार महत्त्वाची. कलम ३५: शोध संरक्षणाशी संबंधित वाटला तर पेटंट नियंत्रक तो प्रसिद्ध करायला मनाई करू शकतात. आणि कलम ३९: भारतात राहणाऱ्या माणसाला परस्पर परदेशात पेटंट अर्ज करता येत नाही. एक तर लेखी परवानगी घ्यायची, किंवा आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. हे फक्त रॉकेटवाल्यांना नाही, सगळ्यांना लागू आहे. अमेरिकेतल्या भावानं सांगितलं म्हणून तिकडेच आधी अर्ज टाकला, असं करणाऱ्याचं भारतातलं पेटंट तर जातंच, पण कायद्यात कैदेची तरतूदही आहे.

आता चार्जर.

घरातली इंडक्शनची शेगडी आठवा. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून झपाट्यानं दिशा बदलणारा प्रवाह गेला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यामुळे वरच्या भांड्याच्या बुडात प्रवाह निर्माण होतो. बूड तापतं. फॅरेडेंनी १८३१ मध्ये दाखवलेलंच हे तत्त्व. आता भांड्याच्या जागी दुसरं वेटोळं ठेवा आणि त्यातला प्रवाह उष्णतेत न घालवता बॅटरीत पाठवा. झाला बिनतारी चार्जर. टेस्लांचं स्वप्न वेगळं होतं, त्यांना पृथ्वीच वाहक म्हणून वापरून दूरवर वीज पाठवायची होती. ते जमलं नाही. जे जमलं ते काही मिलिमीटरचं.

कारण अडचण अंतराची आहे. दोन वेटोळी जराशी लांब गेली किंवा एकमेकांवर नीट बसली नाहीत की पहिल्यातलं चुंबकीय क्षेत्र दुसऱ्यात पोचतच नाही, आजूबाजूला सांडतं. यावर उपाय असा की दोन्ही बाजूंना कपॅसिटर लावून दोन्ही वेटोळी एकाच कंपनसंख्येला जुळवायची. झोपाळ्याला बरोबर लयीत धक्का दिला की थोड्या जोरातही तो उंच जातो, तसं. २००७ मध्ये एमआयटीच्या मारिन सोल्याचिच यांच्या गटानं असं जुळवून दोन मीटरवरचा ६० वॅटचा दिवा पेटवला. कार्यक्षमता साधारण ४० टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच गेली, पण जगभर बातमी झाली.

बातमी न झालेलं काम आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात जॉन बॉईज आणि ग्रँट कोविक हे दोघं प्राध्यापक १९९० च्या सुमारापासून हेच करत होते. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक कोण? मोबाइल कंपनी नव्हे. जपानची दायफुकू ही कारखान्यातली सामान वाहण्याची यंत्रणा बनवणारी कंपनी. रुळावरून धावणाऱ्या ट्रॉलीला घासणाऱ्या तारेनं वीज दिली की ठिणग्या उडतात, कचरा पडतो. चिप बनवणाऱ्या स्वच्छ दालनात ते चालत नाही. तिथे बिनतारी वीज ही चैन नव्हती, गरज होती. दायफुकूनं परवाना घेतला. त्याच प्रयोगशाळेतून पुढे गाड्या चार्ज करणारी हॅलोआयपीटी ही कंपनी निघाली, ती २०११ मध्ये क्वालकॉमनं घेतली, आणि २०१९ मध्ये ती पेटंट एमआयटीतून निघालेल्या वायट्रिसिटी कंपनीकडे गेली. दोन खंडांतल्या दोन प्रयोगशाळांचं काम शेवटी एका कपाटात आलं. पेटंट असल्यामुळेच ते विकता-विकत घेता आलं, नाहीतर विकणार काय?

आता ते दाव्याचं उदाहरण. समजा, आपल्यातल्या एका मुलीनं असा चार्जर केला की ज्यात वेटोळं आहे, त्यामागे फेराइटची चकती आहे, आणि मोबाइल बरोबर मधोमध बसावा म्हणून कडेनं तीन लोहचुंबक आहेत. तिनं दाव्यात लिहिलं, "वेटोळं, फेराइटची चकती आणि तीन लोहचुंबक असलेला चार्जर." मंजूर झालं. सहा महिन्यांनी बाजारात दोन लोहचुंबकांचा चार्जर आला. ती काहीही करू शकत नाही. तिनं "एक किंवा अधिक लोहचुंबक" लिहायला हवं होतं. पण मग परीक्षक विचारणार: वेटोळ्याभोवती लोहचुंबक ही गोष्ट नवी आहे का? आज तर नाहीच, लोहचुंबकानं मोबाइल जागेवर बसवणं आता क्यूआय टू या मानकाचाच भाग आहे. मग तिचं नवं काय? कदाचित ते लोहचुंबक असे बसवलेत की त्यांच्यामुळे फेराइट निकामी होत नाही. तर मग दावा नेमका त्या मांडणीचा हवा. फार रुंद लिहिला तर नाकारला जातो, फार अरुंद लिहिला तर स्पर्धक कडेनं निघून जातो. चांगल्या पेटंट एजंटची फी या मधल्या जागेसाठी असते. पाच हजार वाचवायला स्वतःच कसातरी दावा लिहिणारे आम्ही पाहतो, आणि वाईट वाटतं.

इथे रॉकेटशी असलेला फरक बघा. चार्जर ती विकणार, म्हणजे पहिल्याच दिवशी कुणीतरी तो उघडणार. वेढे मोजणार, कपॅसिटरची किंमत वाचणार, लोहचुंबक बघणार. गुपित राखण्याचा पर्यायच नाही. अशा वस्तूला पेटंट किंवा काहीच नाही, एवढीच निवड असते.

चार्जरच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे, मानकाची. एका कंपनीच्या पॅडवर दुसऱ्या कंपनीचा फोन चार्ज झाला पाहिजे, म्हणून २००८ मध्ये कंपन्यांचा एक संघ झाला आणि त्यातून क्यूआय हे मानक आलं. त्याचा उच्चार "ची" असा करतात. काही वर्षं दुसरी मानकंही स्पर्धेत होती. २०१७ मध्ये ॲपलनं क्यूआय घेतलं आणि निकाल लागल्यासारखं झालं. ज्याचं पेटंट मानकात बसतं त्याला प्रत्येक फोनमागे काही मिळू शकतं, मात्र वाजवी दरानं परवाना द्यायची अट असते. ज्याचं पेटंट हरलेल्या मानकाचं, त्याचं तंत्र चांगलं असूनही कागद कपाटात राहतो.

आपल्याकडचं या विषयातलं काम नागपूरला आहे. तिरुवनंतपुरमची सी-डॅक आणि नागपूरची व्हीएनआयटी यांनी मिळून विजेच्या वाहनांसाठी दीड किलोवॅटचा बिनतारी चार्जर तयार केला. दोन वेटोळ्यांत साडेबारा सेंटिमीटरपर्यंत अंतर, कार्यक्षमता ८९.४ टक्क्यांपर्यंत, आणि तीन तासांत बॅटरी सुमारे ९० टक्के भरते. २०२५ मध्ये हे तंत्र एका खासगी कंपनीला उत्पादनासाठी हस्तांतरित झालं. साडेबारा सेंटिमीटर का? कारण चाकं असलेलं वाहन जमिनीपासून तेवढं वर असतं! ऑकलंडच्या ट्रॉलीसारखीच ही प्रत्यक्ष गरजेतून निघालेली संख्या आहे.

एका मराठी माणसाचं नाव घेतल्याशिवाय हा विषय सोडवत नाही. शंकर आबाजी भिसे. १८६७ चा मुंबईचा जन्म. छपाईचे खिळे पाडणारं यंत्र हे त्यांचं सर्वांत गाजलेलं काम. लंडनला गेले, पुढे अमेरिकेत. रतन टाटांनी काही काळ पैसा पुरवला. डझनावारी पेटंट त्यांच्या नावावर झाली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. आपल्याकडे त्यांना "भारतीय एडिसन" म्हणून सोडून देतात. पण त्यांचं यंत्र ज्या बाजारात उतरणार होतं तिथे आधीच बलाढ्य कंपन्या बसलेल्या होत्या, आणि कागदावरचा हक्क चालवायला लागणारं भांडवल त्यांच्या हाती टिकलं नाही. पेटंट हक्क देतं, तो वापरायची ताकद देत नाही.

आता नाशिकमधल्या आपल्या माणसांनी करायचं काय? सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तोंड उघडल्यानं. मुलांचा प्रकल्प झाला, कॉलेजच्या प्रदर्शनात मांडला, व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकला, स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. सगळे खूश. चार महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, पेटंट घ्या. तेव्हा परीक्षक तोच व्हिडिओ तुमच्यासमोर ठेवतो: हे तर आधीच जाहीर आहे, नवीन कुठे? भारतीय कायद्यात कलम ३१ खाली थोडी सवलत आहे. सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं असेल, किंवा विद्वत्सभेत निबंध वाचला असेल, तर १२ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. यूट्यूब ही विद्वत्सभा नव्हे. आणि हे आजचं व्याख्यानही शब्दांकन होऊन जालावर जाणार आहे, म्हणून प्रश्नोत्तरांत कृपया स्वतःचा शोध उलगडून सांगू नका!

उपाय महाग नाही. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करा. नाशिक मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतं, पण अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन फी १,६०० रुपये. त्यानं तारीख तुमच्या नावावर पडते आणि पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात. मात्र जे लिहिलं तेवढ्याचीच तारीख मिळते. "तपशील नंतर देऊ" म्हणून अर्ध्या पानाचा अर्ज टाकला तर अर्ध्या पानाचाच फायदा. पुढे परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, मूळ तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत. ती विसरली की अर्ज आपोआप मागे घेतल्यासारखा होतो, आणि विसरणारे खूप आहेत.

आणि मालकी. प्रकल्प चार मुलांचा, मार्गदर्शक प्राध्यापक, प्रयोगशाळा कॉलेजची, पार्ट एका कारखान्यानं फुकट कापून दिला. पेटंट कुणाचं? नोकरीत केलेल्या शोधाचं काय करायचं हे आपला पेटंट कायदा थेट सांगत नाही, ते करारावर जातं. म्हणून काम सुरू होतानाच एका कागदावर लिहा, सह्या करा. पैसा दिसायला लागल्यावर हा कागद होत नाही.

शेवटी काही प्रश्न आले आहेत, त्यातले दोन घेतो.

एका गृहस्थांनी विचारलंय की शेजारच्या कारखान्यानं मालावर "पेटंट" असं छापलंय, ते खरं आहे का कसं कळणार? पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधण्याची सोय फुकट आहे. नाव टाका, क्रमांक टाका. नुसता अर्ज केलेला असेल तर तो हक्क नव्हे, मंजूर व्हायचा आहे. पेटंट नसताना आहे म्हणून छापलं तर कलम १२० खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि अर्ज अजून मंजूर व्हायचा असेल आणि तुमच्याकडे ती वस्तू आधीपासून चालू असल्याचा पुरावा असेल, जुनी बिलं, ड्रॉइंग, फोटो, तर मंजुरीआधी कुणीही विरोध नोंदवू शकतो.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. रॉकेट मोटरच्या कवचाला आतून लावायच्या लेपावर ती काम करते आहे, पेटंट घेऊ की गुपित ठेवू? ताई, आधी बघा की कवच हाती आल्यावर लेप खरवडून, तपासून, त्यातलं प्रमाण कुणाला काढता येईल का. काढता येत असेल तर अर्ज करा. प्रमाण कळूनही तो लावायची रीत, तापमान, वेळ कळणार नसेल, तर लेपाचा अर्ज करा आणि रीत वहीत ठेवा. पण अर्जातलं वाचून जाणत्या माणसाला लेप करता आला पाहिजे, तेवढं उघड करावंच लागेल. आणि विषय संरक्षणाला लागून आहे, तेव्हा परदेशातल्या परिषदेला निबंध पाठवण्याआधी मार्गदर्शकांना आणि पेटंट एजंटला दोघांनाही विचारा.